गोधडीसाठी मशीन घेताना



मागच्या महिन्यात रायगड जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले. ती लिहिते, “आपा, माझ्याकडे भिशीचे चौदा हजार रुपये आले आहेत. यजमानांचे काम सध्या कमी आहे. मला हाताने गोधडी शिवता येते आणि बाळांच्या दुपट्यांसाठी शेजारपाजारच्या बायका विचारतात. पण हाताने एक गोधडी व्हायला तीन आठवडे जातात. म्हणून मशीन घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, पंचवीस डिझाइनवाली घ्या, काजेही होतात, बाकीची रक्कम हप्त्याने भरा. घ्यावी का?” आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे एक वाक्य आहे, “सासूबाईंची जुनी काळी मशीन माळ्यावर गंजत पडली आहे, ती या आठवड्यात भंगारात द्यायची आहे.”

ते शेवटचे वाक्य वाचून मी त्याच संध्याकाळी तिला फोन केला. म्हटले, बाई, मशीन कोणती घ्यायची ते मागाहून बघू, आधी त्या भंगारवाल्याला थांबव. असे का म्हटले, ते या वेळच्या सदरात सांगते. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून मशीन घेणाऱ्या कितीतरी भगिनी दुकानात जाऊन नेमकी नको ती मशीन घेऊन येतात. त्यांच्यात एके काळी मीही होते.

माझी चूक

माझ्या अम्मीकडे लोखंडी स्टँडची काळी पायमशीन होती. आमचे ईदचे कपडे, उशांचे अभ्रे, शाळेच्या पिशव्या, सगळे तिच्यावर झाले. अम्मीच्या इंतकालनंतर ती मशीन माझ्या घरी आली. फ्लॅट लहान, मशीन जड आणि दिसायला जुनाट. मी एक पांढरी, हलकी, कितीतरी डिझाइनची मशीन घेतली आणि काळी मशीन वजनावर भंगारात दिली. जे पैसे हातात आले ते सांगायचीही लाज वाटते.

पुढच्या हिवाळ्याआधी मी अम्मीच्या सुती साड्या काढल्या. आम्ही चार भावंडे. प्रत्येकाला अम्मीच्या साड्यांची एक गोधडी द्यायची असे मी ठरवले होते. पहिली गोधडी कशीबशी झाली. टाके कुठे लांब, कुठे आखूड, आणि वरचा पदर सरकत सरकत शेवटी दोन इंच पुढे आलेला. दुसरी शिवताना, जिथे शिवणीवर शिवण आली होती तिथे मशीन अडली. मी पायाचा पॅडल दाबून धरला. सुईने झिजून पातळ झालेली साडी खाली ओढली, दात्यांमध्ये गुंतवली, आणि ती सोडवेपर्यंत विताएवढी फाटली. बाजारातले कापड असते तर दुसरे आणले असते. अम्मीची साडी कुठून आणणार?

मी ते सगळे गाठोडे आमच्या मोहल्ल्यातल्या मास्टरचाचांकडे नेले. त्यांनी माझ्या मशीनची सुईखालची पट्टी बघितली आणि म्हणाले, “बेटी, मशीन खराब नाही. पण ही नक्षी काढायची मशीन आहे. तू हिच्याकडून हमालाचं काम करून घेतेयस.” मग त्यांनी त्यांच्या जुन्या काळ्या मशीनवर तीच गोधडी शिवून दाखवली. मशीनने कुरकूर केली नाही. ती मशीन हुबेहूब मी भंगारात दिलेल्या मशीनसारखी होती.

गोधडी मशीनकडे काय मागते?

कुर्ता शिवताना सुईखाली दोन पदर असतात. गोधडीत वरचा ठिगळांचा थर, आत दोन-तीन जुन्या साड्या किंवा लुंग्या, खाली अस्तर, असे चार-पाच पदर सहज होतात. ठिगळांच्या शिवणी जिथे एकमेकींना भेटतात तिथे तेच आठ-दहा होतात. शिवाय कुर्ता हलका असतो, गोधडी जड. ती टेबलावरून खाली लोंबली की स्वतःच्या वजनाने कापड मागे ओढते आणि टाका आखूड पडतो.

आणि काम किती? हिशेब करून बघा. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी, दोन-दोन इंचांवर एक ओळ धरली तरी सात फुटांच्या तीस ओळी होतात. म्हणजे 210 फूट, जवळपास 64 मीटर शिवण. इंचाला आठ टाके धरले तर वीस हजारांहून जास्त टाके. ओळी एक इंचावर घेतल्या तर हे सगळे दुप्पट. आणि हे सगळे टाके एकाच जातीचे, सरळ. पंचवीस डिझाइनपैकी चोवीस डिझाइन गोधडीला लागतच नाहीत. लागतो तो एकच टाका. तो वीस हजार वेळा सारखा पडला पाहिजे, एवढीच तिची मागणी.

हा सरळ टाका म्हणजे दोन धाग्यांची गाठ. वरचा धागा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. इलियास होव यांनी अमेरिकेत 1846 साली या टाक्याच्या मशीनचे पेटंट घेतले आणि 1851 साली आयझॅक सिंगर यांनी आपल्या मशीनचे. तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. गांधीजी यंत्रांबद्दल किती साशंक होते ते आपल्याला ठाऊक आहे. पण 1924 साली त्यांना विचारले गेले तेव्हा शिवणयंत्राला त्यांनी आपल्या विरोधातून वगळले होते. बाईमाणसाचे कष्ट वाचवणारे हे यंत्र त्यांनाही मान्य होते.

सरळ टाक्याचीच मशीन का?

सुई जिथून खाली जाते त्या पट्टीला बघा. फक्त सरळ टाका घालणाऱ्या मशीनमध्ये तिथे एक बारीक, गोल छिद्र असते. झिगझॅग आणि डिझाइनच्या मशीनमध्ये सुईला डावी-उजवीकडे जायचे असते, म्हणून तिथे आडवी फट असते. त्या फटीवर कापडाला खालून आधार नसतो. सुई जोराने खाली आली की झिजलेले, मऊ कापड तिच्याबरोबर फटीत दाबले जाते. माझ्या हातून अम्मीची साडी फाटली ती अशी. गोल छिद्राच्या पट्टीवर कापड सुईभोवती सगळीकडून टेकलेले असते, म्हणून टाका सरळ आणि सारखा पडतो.

दुसरे कारण असे की, सरळ टाक्याच्या मशीनमध्ये सुई बाजूला हलवणारे भाग नसतात. भाग कमी म्हणजे बिघाड कमी, आणि बिघडली तर गावातला कारागीर दुरुस्त करू शकतो.

ज्यांच्या घरी डिझाइनची मशीन आधीच आहे त्यांनी ती विकायला काढू नये. तिच्या कंपनीची गोल छिद्राची पट्टी आणि सरळ टाक्याचा प्रेशर फूट मिळतो का ते विचारा. मिळाला तर लहान दुपटी तिच्यावर चांगली होतील. मात्र ती पट्टी लावलेली असताना चुकूनही झिगझॅगचे बटण फिरवू नका. सुई पट्टीवर आपटून मोडेल आणि तुकडा डोळ्यात उडू शकतो.

तीन प्रकारच्या मशीन

सरळ टाक्याच्या मशीन आपल्या बाजारात साधारण तीन प्रकारच्या दिसतात.

पहिली घरगुती काळी मशीन. हाताची, पायाची किंवा छोटी मोटर लावलेली. सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत साधारण साडेसहा इंच मोकळी जागा असते. साड्यांची गोधडी, दुपटी, आसने, जानमाजची पातळ गादी यांना ही पुरते. वीज गेली तरी पायाने चालते. ज्यांच्याकडे तासन् तास लोडशेडिंग असते त्यांनी हे लक्षात घ्यावे.

दुसरी टेलर लोकांची मोठी मशीन. अम्ब्रेला, लिंक अशा वेगवेगळ्या नावांनी ती विकली जाते. नावाच्या मागे लागू नका. टेप घेऊन सुई ते खांब अंतर मोजा. ते जितके मोठे तितकी मोठी गोधडी आरामात फिरते. जाड कापडावरही ही मशीन घरगुतीपेक्षा जास्त जोर देते.

तिसरी कारखान्यातली पॉवर मशीन. कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे लोक तिला सरसकट ज्युकी म्हणतात. जागा दहा इंचांच्या आसपास, गुडघ्याने प्रेशर फूट उचलायची सोय, आणि वेग मिनिटाला चार-पाच हजार टाके. तिचे टेबल जवळपास चार फूट लांब असते, आणि गोधडीचे वजन पेलायला ते टेबलच निम्मे काम करते. पण ती एकदा मांडली की हलवता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात ती कुठे राहील याचा विचार आधी करा. घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी विचारा. जाड कापडाची आहे की पातळ कापडाची? दोन्ही बाहेरून सारख्या दिसतात. मोटर क्लच की सर्व्हो? क्लच मोटर शिवत नसतानाही घरघरत राहते आणि वीज खाते. सर्व्हो मोटर पाय दाबल्यावरच फिरते, वेगही कमी करता येतो, आणि नवशिक्या हाताला ती सोपी जाते. आणि तिसरे म्हणजे, तेल कापडावर उडते का? दुकानात आधी पांढऱ्या चिंधीवर चालवून बघा.

जागा किती लागते?

मशीनवर गोधडी शिवताना तिचा अर्धा भाग गुंडाळून खांब आणि सुई यांच्यामधून न्यावा लागतो. पाच फूट रुंदीच्या गोधडीचा अर्धा म्हणजे अडीच फूट. चार-पाच सुती साड्यांचा थर असेल तर ही गुंडाळी अडीच-तीन इंचांची होते, घरगुती मशीनमध्ये सहज मावते. पण आत अर्धा इंच जाडीचे पॉलिस्टरचे वॅडिंग घातले तर घट्ट गुंडाळूनही ती साडेचार इंचांच्या घरात जाते. मग ती वरच्या दांड्याला घासते आणि हात भरून येतात. म्हणून मशीन घेण्याआधी ठरवा की तुम्ही साड्यांच्या गोधड्या करणार की वॅडिंगच्या. मशीनची निवड तिथेच निम्मी होते.

आणि कापसाच्या रजईबद्दल एक सूचना. पिंजलेला सुटा कापूस भरलेली रजई साध्या मशीनखाली घालू नका. कापूस एका बाजूला ढकलला जातो आणि गोळे होतात. ते काम आपल्या पिंजारी, मन्सुरी, नदाफ बिरादरीच्या कारागिरांचे. कापूस पिंजायचा, खोळीत सारखा पसरवायचा आणि लांब सुईने जाड दोऱ्याचे टाके घालायचे, हे हुनर त्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळले आहे. रजई त्यांच्याकडूनच भरून घ्या. ज्याचे काम त्याला मिळावे, त्यातही बरकत आहे.

दुकानात जाताना पिशवीत काय न्यावे?

दुकानदार त्याच्याजवळचा कडक, नवा, दोन पदरी तुकडा लावून मशीन चालवून दाखवतो. त्या तुकड्यावर कोणतीही मशीन छान चालते. तुम्ही घरून स्वतःचा नमुना न्या. गोधडीत जेवढे पदर असणार तेवढेच पदर, त्याच जुन्या कापडाचे, एक फूट बाय एक फूट. मध्ये एक आडवी आणि एक उभी शिवण असावी, म्हणजे जाड चौक तयार होतो. सोबत सुती कापडाच्या दोन फूट लांबीच्या दोन पट्ट्या, दोन रंगांचे धागे आणि टेप. मग या क्रमाने बघा.

आधी नमुना प्रेशर फूटखाली सरकवा. कोंबावा लागला तर ती मशीन तुमची नाही.

मग चाक हाताने फिरवत सुई जाड चौकातून खालीवर न्या. चाक जड लागले तरी चालेल, पण अडता कामा नये आणि सुई वाकता कामा नये.

आता वर एका रंगाचा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा धागा घालून पूर्ण ओळ शिवा. वरून खालचा रंग ठिपक्यांसारखा दिसला तर वरचे टेन्शन जास्त, खालून वरचा रंग दिसला तर वरचे टेन्शन कमी. स्क्रू थोडा फिरवून ते जमले तर मशीन ठीक. कितीही फिरवून जमत नसेल तर सोडून द्या.

त्यानंतर दोन फुटांच्या दोन्ही पट्ट्या काठाला काठ जुळवून, न ओढता शिवा. शेवटी वरची पट्टी किती पुढे आली ते मोजा. थोडासा फरक येतोच. बोटभर आला तर प्रेशर फूटचा दाब कमी करून पुन्हा शिवा. तरीही तेवढाच राहिला तर सात फुटांच्या गोधडीत तो साडेतीन पट होईल, हे ध्यानात घ्या. काही मशीनला वॉकिंग फूट लावता येतो. तो वरचा पदरही दात्यांसारखा पुढे नेतो आणि हा फरक बराच कमी होतो. आपल्या मशीनला बसेल असा मिळतो का ते तिथेच विचारा.

शेवटी धागा काढून एका कागदावर ओळ मारा. छिद्रे एका रेषेत आणि सारख्या अंतरावर पडली तर सुई आणि दाते ठीक आहेत.

या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. पैसे तुमच्या घामाचे आहेत.

सुई आणि धागा

चांगली मशीनही चुकीच्या सुईने बदनाम होते. साड्यांच्या गोधडीला 16 नंबरची सुई घ्या, जाड थराला 18. घरगुती मशीनच्या सुईची दांडी एका बाजूने चपटी असते, पॉवर मशीनची गोल. एकीची दुसरीला लावू नका. शिवताना टकटक आवाज यायला लागला की सुई बोथट झाली समजावे. एका मोठ्या गोधडीला एक नवी सुई, असा नियम ठेवला तर खर्च थोडा आणि त्रास वाचतो.

धाग्याचाही हिशेब आहे. या टाक्यात वरचा आणि खालचा मिळून शिवणीच्या अडीच-तीन पट धागा जातो. वर सांगितलेल्या 64 मीटर शिवणीला 160 ते 190 मीटर. म्हणजे शंभर मीटरचे रीळ अर्ध्यातच संपणार आणि दुसऱ्या रिळाचा रंग जुळणार नाही. गोधडीसाठी कोनच घ्या. टाका इंचाला आठ ठेवा. त्याहून बारीक टाका जुने कापड चिरतो.

आणखी एक. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हाताची गोधडी काठापासून सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यावर आणतात. मशीनवर तसे करू नका, मध्यभागी चुण्यांचा ढीग होतो. आधी सगळे पदर जमिनीवर ताणून, वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून घ्या. मग मधली ओळ मारा आणि तिथून दोन्ही काठांकडे जा.

माळ्यावरची मशीन

आता त्या भगिनीच्या सासूबाईंच्या मशीनकडे येऊ. जुनी काळी मशीन गंजलेली दिसली म्हणजे ती मेली असे नाही. बहुतेकदा आत जुने तेल वाळून गोंदासारखे झालेले असते. विशेषतः कोणी खोबरेल घातले असेल तर नक्कीच. मशीनमध्ये मशीनचेच तेल घालावे, स्वयंपाकघरातले नाही.

अशी मशीन उतरवून आधी कोरड्या ब्रशने धूळ आणि धाग्याचा भुसा काढा. जिथे जिथे तेलाचे छिद्र आहे आणि जिथे लोखंडावर लोखंड घासते, तिथे मशीनचे तेल दोन-दोन थेंब सोडा. रात्रभर ठेवा. सकाळी चाक हलक्या हाताने मागे-पुढे हलवा. जोर करू नका. पुन्हा तेल, पुन्हा थोडे हलवणे. दोन-तीन दिवसांत बऱ्याच मशीन सुटतात. मग पुढच्या गोष्टी कारागिराला दाखवा. शटलचे टोक गंजून खरबरीत झाले आहे का? दाते झिजून गुळगुळीत झाले आहेत का? सुईचा दांडा हाताने धरून हलवला तर खडखडतो का? बॉबिन केस जागेवर घट्ट बसते का? पट्टा तडकलेला आहे का? पट्टा, बॉबिन केस, शटल, दाते हे सगळे सुटे मिळतात. बिडाचा सांगाडाच तडकलेला असेल तर मात्र आशा सोडावी. जुन्या बाजारातून मशीन घ्यायची असली तरी हीच तपासणी, आणि जुनी मोटर लावलेली असेल तर तिची वायर इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय प्लगला लावू नका.

चौदा हजारांचे काय?

त्या भगिनीला मी सांगितले ते असे. हप्त्यावर काही घेऊ नकोस. हप्त्यात व्याज आले, आणि आधी काम, मग कमाई, हा क्रम उलटा झाला. ज्या महिन्यात ऑर्डर नसेल त्या महिन्यात मशीन पाहून हसू येणार नाही, धडकी भरेल. सासूबाईंच्या मशीनची दुरुस्ती, पट्टा, नवी बॉबिन केस, सुया, दोन कोन आणि एक चांगली कात्री एवढाच खर्च आधी कर. मशीन सुधारलीच नाही, तर त्याच जातीची नवी किंवा तपासलेली जुनी घे. काहीही झाले तरी थोडी रक्कम हातात राखून ठेव. पहिल्या चार ऑर्डरचे अस्तर आणि धागा त्यातून येईल.

सुरुवात दुपट्यांनी कर. अडीच फूट बाय साडेतीन फुटांचे दुपटे कोणत्याही मशीनमध्ये फिरते, चुकले तर नुकसान लहान, आणि घरोघरी बाळे येतच असतात. दहा दुपटी झाल्यावर तुझा हात बसेल आणि मशीनचे गुणदोष कळतील. मोठ्या गोधड्यांच्या ऑर्डर खरोखर येऊ लागल्या, अंगावर काम राहू लागले, तर त्या कमाईतून मोठ्या दांड्याची मशीन घे. तेव्हा तुला दुकानदाराला काही विचारावे लागणार नाही, तूच त्याला सांगशील.

आणि शेवटची गोष्ट. सासूबाईंना मशीनजवळ खुर्ची टाकून दे. ती मशीन कुठे अडते, कशी सुटते, हे कोणत्याही कारागिरापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. मशीन माळ्यावरून खाली आली आहे. तिसऱ्या दिवशी चाक सुटले. शटल मात्र नवे घालावे लागले. सासूबाई आधी म्हणत होत्या, कशाला त्या लोखंडाच्या मागे लागतेस. आता रोज सकाळी त्याच तेल घालतात आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. पहिले दुपटे शेजारणीच्या नातवासाठी झाले.

माझ्या घरी अम्मीच्या साड्यांच्या चार गोधड्यांपैकी एक आहे. फाटलेली साडी ज्या गोधडीत होती तीच मी स्वतःकडे ठेवली. मास्टरचाचांनी तिच्यावर अम्मीच्याच दुसऱ्या साडीचे ठिगळ लावून दिले. रात्री पांघरताना ते ठिगळ हाताला लागते आणि ती काळी मशीन आठवते. ती परत येणार नाही. पण ज्यांच्या माळ्यावर, पलंगाखाली, गोठ्याच्या कोपऱ्यात अशी एखादी मशीन अजून आहे, त्यांनी भंगारवाल्याची हाक येण्याआधी एकदा तिच्यात तेलाचे दोन थेंब घालून बघावेत.

अल्लाह तुमच्या हातांना हुनर देवो आणि त्या हुनरात बरकत देवो. आमीन.